कॉपीवाल्या मॅडम

मागच्या महिन्यात टावर चौकात एक ओळखीच्या बाई भेटल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या ऑफिसात त्या कॉपीवाल्या मॅडम होत्या नं, ज्यांच्या मशिनीने बाळ भाजलं? कुठे असतात आता?"

मी भर चौकात त्यांच्यावर ओरडले. कचोरीच्या दुकानासमोर उभे असलेले दोघेतिघे वळून पाहायला लागले. बाई गांगरल्या. "अगं, चिडून काय राहिली? मी तर जे ऐकलं तेच बोलले."

ऐकलं! या गावात सगळ्यांनी ऐकलंच आहे, विचारलेलं कुणीच नाही. जे घडू नये म्हणून ज्या एका बाईने घसा फोडून सांगितलं, तेच तिच्या नावाला चिकटवून लोक मोकळे झाले. घरी आले तरी मला जेवण जाईना. म्हणून हे लिहायला बसले. बाळ भाजलं नव्हतं. मशीन मॅडमची नव्हती. आणि चूक कुणाची होती, हे माझ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

गावातल्या फ्रीगंज भागात एका गादीवाल्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. दवाखान्यांना लागणारी लहान यंत्रं आम्ही बनवायचो. मुख्य म्हणजे नवजात बाळांना ऊब देणारा वॉर्मर: वर हीटर, खाली बाळाची गादी, बाजूला एक टचस्क्रीन. इंजिनिअरिंग संपवून मी तिथे लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मॅडम पन्नाशीच्या. पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून वडिलांच्या आजारपणासाठी त्या परत आल्या होत्या. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, आई आधीच गेलेली, लग्न केलेलं नाही. आठवड्याचे सहाही दिवस गावाबाहेरच्या भैरवगढच्या छापाच्या सुती साड्या, पायात पुरुषी सँडल आणि खांद्याला पिशवी. पिशवीत एक जाड वही. इकडे वहीला कॉपी म्हणतात, म्हणून त्या कॉपीवाल्या मॅडम. तोंडावर कुणी म्हणत नसे, कारण मॅडम भांडायच्या.

पहिल्या दिवशी या हिंदी मुलखात मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात मी त्यांना "ताई" म्हटलं. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"ऑफिसात ताई नको. ताई म्हटलं की लोक आपलं काम आपल्यावर ढकलून देतात. मॅडम म्हणा. आणि मी तुम्हाला तुम्ही म्हणणार."

आयुष्यात मला पहिल्यांदाच कुणीतरी तुम्ही म्हणत होतं. झाडू मारणाऱ्या मावशींनाही त्या तुम्ही म्हणत आणि मालकांनाही तेवढंच तुम्ही. मालकांना सगळे भैयाजी म्हणायचे. आपल्याला आणि मावशींना एकच मान मिळतो, हे भैयाजींना शेवटपर्यंत पचलं नाही.

मॅडमचं काम कर्नेलचं. खालच्या गादीवाल्याचा समज होता की त्यांचे मिस्टर फौजेत आहेत. "कर्नल साहब छुट्टी पे कब आ रहे हैं?" असं त्याने एकदा आदराने विचारलं, तेव्हा मॅडमनी जिन्यात उभं राहून त्याला अर्धा तास कर्नेल म्हणजे काय ते समजावलं. तो बिचारा हातात कापूस घेऊन ऐकत राहिला. खरं सांगायचं तर कॉलेजात चार वर्षांत मला जे कळलं नव्हतं ते त्या जिन्यात कळलं.

यंत्राच्या आत दोन भाग असतात, त्या सांगत होत्या. बाहेरच्या भागात स्क्रीन, बटणं, चित्रं, सगळा पसारा. आतल्या भागात कर्नेल, म्हणजे यंत्राचा मूळ प्रोग्राम. हीटरला हात लावायचा हक्क फक्त कर्नेलला. बाहेरच्या प्रोग्रामला तापमान बदलायचं असलं की तो कर्नेलला आकडा देत नाही, पत्ता देतो: माझ्या अमुक कप्प्यात आकडा ठेवलाय, येऊन बघ. आता तो कप्पा खरंच त्याचा आहे का, की त्याने भलत्याचाच पत्ता दिला, हे कर्नेलने आधी पाहायचं. मग तो आकडा एकदाच उचलून आपल्या कप्प्यात उतरवून घ्यायचा. तपासायचा तो आपल्या कप्प्यातला, वापरायचा तोही आपल्या कप्प्यातला. बाहेरच्या कप्प्याकडे पुन्हा वळून पाहायचं नाही. तो आपला नाही, आणि आपली पाठ वळली की त्यात काय बदलेल ते सांगता येत नाही.

"समझ गए?" मॅडमनी विचारलं.

"समझ गया मॅडम. ग्राहक का नाप एक बार लिख लो, फिर उसी से गद्दा काटो," गादीवाला म्हणाला.

मॅडम इतक्या खूश झाल्या की दिवसभर सगळ्यांना सांगत होत्या, की ऑफिसातल्या कुणापेक्षा खाली बसलेला माणूस हुशार आहे.

मला मात्र त्यांनी वेगळं शिकवलं. एक चिठ्ठी माझ्यासमोर धरली. "काय लिहिलंय?"

"छत्तीस."

"बाळाला चालेल?"

"चालेल."

"मग सांगा हीटरला."

मी पुन्हा चिठ्ठीकडे पाहिलं आणि वाचलं, "त्रेसष्ट." अंगठ्याखाली त्यांनी दुसरी चिठ्ठी लपवलेली होती. मला हसू आलं. त्या भडकल्या.

"हसून काय राहिल्या? तपासलंत एक आणि दिलंत एक! वर तुम्हाला वाटतंय की तुम्ही तपासलं. न तपासणारा निदान घाबरून तरी असतो. दोनदा पाहायचं नाही. उतरवून घ्या!"

उतरवून घ्या. हे त्यांचं ऑफिसापुरतं नव्हतं. कुणी कसलाही कागद आणला की त्या आधी तो आपल्या अक्षरात वहीत उतरवत, मग ओळीवर बोट ठेवून जुळवत आणि मगच सही करत. कुरिअरवाला दारात तळमळायचा. "मॅडम, सिर्फ साइन करना है." "भैया, आप बैठिए. पानी पीजिए." विजेच्या मीटरचा आकडा त्या दर महिन्याला स्टुलावर चढून स्वतः लिहून घ्यायच्या. बँकेत एकदा फॉर्म उतरवत बसल्या तर मागच्या लोकांनी आरडाओरडा केला. मॅडमनी मागे वळून सगळ्या रांगेलाच सुनावलं, की न वाचता सही करणाऱ्या लोकांमुळेच या देशात चोरांना सुखाची झोप लागते.

यात त्या हास्यास्पदही व्हायच्या, ते लपवत नाही. त्यांच्या नात्यातलं एक लग्न होतं. पत्रिका आली तशी त्यांनी तारीख, वेळ, जागा वहीत उतरवून घेतली. पुढे मुहूर्त संध्याकाळचा सकाळवर आला आणि मुलीच्या वडिलांनी सगळ्यांना फोन केले, यांनाही केला. मॅडम संध्याकाळीच गेल्या. धर्मशाळेला कुलूप. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या त्या फणफणतच. "पत्रिका वाटून झाल्यावर वेळ बदलतात! माणसाने धरायचं काय?" मी म्हटलं, मॅडम, फोन आला होता नं. "फोनवर कोणीही काहीही बोलेल. नवी पत्रिका पाठवायची होती." पुढे ते नातेवाईक त्यांच्याशी धड बोलले नाहीत.

डब्याचं तसंच. शेजारणीने काही पाठवलं तर आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, चमचाभर साखर तरी घालतात. मॅडम डबा दोनदा घासून, पुसून, उलटा धरून तपासून, रिकामा परत करायच्या. बाया दुखावायच्या. मी एकदा हे काढलं तर म्हणाल्या, "द्यायचं असेल तेव्हा मी ठरवून देईन. नकळत काही जाता कामा नये. तुम्ही कर्नेलमधून बाहेर काही पाठवता तेव्हा कप्पा आधी पुसता का? नाही. कालचं उरलेलं त्याच्यासोबत जातं. कुणाचं काय त्यात असेल, तुम्हाला पत्ता तरी आहे?" मला खरंच नव्हता. त्या दिवसापासून मी पुसायला लागले.

इतकं सगळं शिकवून झाल्यावर मी काय केलं, ते आता सांगते.

वॉर्मरचं नवीन मॉडेल निघायचं होतं. हीटरला आकडा पोचवणारा कर्नेलमधला भाग माझ्याकडे होता. त्याच सुमारास मॅडमचे वडील दवाखान्यात होते, म्हणून त्या आठ दिवस रजेवर होत्या. मी काय केलं, तर बाहेरच्या कप्प्यातून आधी फक्त तापमानाचा आकडा आणला, मर्यादेत आहे का ते तपासलं आणि नोंदीत लिहिला. मग त्याच कप्प्यातून सगळा तक्ता पुन्हा आणला, त्यात तापमानही होतंच, आणि ते हीटरला दिलं. दोनदा पाहिलं. मला ते छान, नीटनेटकं वाटलं होतं. शंभर वेळा चालवून पाहिलं, शंभर वेळा बरोबर चाललं.

मॅडम रजेवरून आल्या, वाचलं आणि पाणीसुद्धा न पिता माझ्या टेबलाशी आल्या. "हे काय आहे?"

त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी वही काढली, माझं नाव लिहिलं, ती चूक लिहिली, तारीख घातली आणि मला वाचायला दिली. मग भैयाजींच्या केबिनमध्ये गेल्या. दार उघडंच होतं.

"ये मशीन अभी नहीं जाएगी," मॅडम म्हणाल्या. "कोड बदलना आधे दिन का काम है. फिर पूरी टेस्टिंग दोबारा."

"कितने दिन?"

"हफ्ता, दस दिन."

"मॅडम, परसों उद्घाटन है. वॉर्ड सज गया है, कार्ड बँट गए हैं. चलती हुई मशीन है. आप भी नं, हर चीज में."

"चलती हुई नहीं है. अब तक बची हुई है."

"आप साइन मत करिए," भैयाजी शांतपणे म्हणाले. "जिसने लिखा है वो कर देगी."

आणि त्यांनी मला हाक मारली. मशीन तपासून पास केल्याचा कागद समोर होता, पेन होतं. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या. आई घरी सगळ्यांना सांगत होती की मुलगी लहान बाळांसाठी यंत्रं बनवते. मी सही केली. एका ओळीची सही, कागद उतरवून न घेता, नीट न वाचता.

मॅडम तेव्हा मात्र ओरडल्या. केबिनबाहेर सगळे उभे राहिले. "तुमच्या कार्डांवर छापलेल्या तारखेसाठी एखाद्याचं लेकरू हीटरखाली ठेवून राहिले तुम्ही!" त्यांना राग आला की हिंदी सुटून मराठी यायची. भैयाजींना मराठी अर्धवट कळायची, पण तेवढं कळलं. त्यांनी फक्त म्हटलं, "मॅडम को ठंडा पानी दो."

पुढे जे झालं ते तीन महिन्यांनी.

उद्घाटन झालं त्या रुग्णालयातल्या नवजात बाळांच्या वॉर्डात एक सिस्टर होती. भैरवगढची, छिप्यांच्या घरातली मुलगी. वडील कापडावर ठसे मारायचे. एका दुपारी तिने एका बाळाचं तापमान थोडं वाढवलं. बटण बोटाखाली दाबून धरलं की स्क्रीनचा प्रोग्राम आकडा भराभर चढवायचा आणि तो मर्यादेबाहेर गेला की लगेच ओढून खाली आणायचा. एक क्षणभराचा खेळ. त्याच क्षणात माझ्या कोडने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आकडा बरोबर होता, दुसऱ्यांदा पाहिलं तेव्हा चढलेला होता. स्क्रीनवर बरोबर, नोंदीत बरोबर, हीटरला मात्र चुकीचा. गजरही त्या चुकीच्या आकड्यालाच खरं धरून गप्प बसला.

बाळाला वाचवलं ते सिस्टरच्या सवयीने. स्क्रीनवर सगळं ठीक दिसत असतानाही ती दर थोड्या वेळाने बाळाच्या तळपायाला हात लावून पाहायची. तळपाय तापलेला लागला. तिने मशीन बंद केली, बाळ उचललं, डॉक्टरांना हाक मारली. बाळाची कातडी लाल झाली होती, ती लाली दोन दिवसांत उतरली. बाळ आईबरोबर घरी गेलं. भाजलं नाही. हे मी परत एकदा लिहिते: भाजलं नाही, कारण त्या मुलीने हात लावून पाहिला.

आणि रुग्णालयाने काय करावं? त्या मुलीलाच घरी बसवलं! नोंदीत आकडा साफ होता नं. म्हणजे मशीन बरोबर. म्हणजे सिस्टरने बाळाच्या अंगावरचा सेन्सर नीट लावला नसणार. लापरवाही. भैयाजींनी नोंदीचा कागद पाहिला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "अपना लॉग एकदम क्लीन है." ती नोंद मीच लिहिलेली होती. ती साफ का आहे, हे मला तो कागद पाहताक्षणी कळलं होतं. मी गप्प बसले.

रुग्णालयातल्या चौकशीच्या दिवशी भैयाजी मला नोंद दाखवायला घेऊन गेले. लांब टेबल, दोन डॉक्टर, एक मॅनेजर. भिंतीशी सिस्टर उभी, तिला बसायलाही कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही सुरुवात करणार तेवढ्यात दार उघडून मॅडम आत आल्या. लाल छापाची साडी, खांद्याला पिशवी, ई-रिक्षाने आल्यामुळे केस विस्कटलेले.

"आपको किसने बुलाया?" मॅनेजरने विचारलं.

"किसी ने नहीं. इसीलिए आना पड़ा. पहले इनको कुर्सी दीजिए."

सिस्टरला खुर्ची मिळाल्यावर मॅडम बोलल्या. रिकामा वॉर्मर मागवला. त्याच्या गादीवर एक साधा थर्मामीटर ठेवला आणि बटण दाबायला सुरुवात केली. दाबून धरायचं, सोडायचं, थर्मामीटर पाहायचा, वहीत रेघ मारायची. पुन्हा. पन्नास झाले, साठ झाले. मोठ्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. चहा आला, चहा संपला. भैयाजी हसून म्हणाले, "मॅडम हमारी जरा जिद्दी हैं." मॅडमचं बोट दुखायला लागलं होतं, त्या हात झटकत होत्या. तेव्हा सिस्टर खुर्चीवरून उठली.

"मॅडम, आप गिनिए. मैं दबाती हूँ."

तिचा हात सवयीचा होता. रोज वॉर्डात दाबायची तसंच दाबत राहिली. एकशे चाळीसच्या पुढे कधीतरी मॅडमनी रेघ मारता मारता हात वर केला. स्क्रीनवर छत्तीस होतं. थर्मामीटर चढत होता. सगळे उठून वॉर्मरभोवती आले. तो चढत होता, चढतच होता, आणि गजर वाजत नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी गादीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मग त्यांनी विचारलं, "ये प्रोग्राम लिखा किसने है?"

माझ्या मांडीवर लॅपटॉप होता. मी त्याच्याकडे पाहत राहिले.

मॅडम म्हणाल्या, "हमारे ऑफिस में लिखा गया है." आणि थांबल्या.

भैयाजींनी ती जागा भरून काढली. "सर, टीम तो मॅडम की ही है. सीनियर वही हैं. हम तो इन्हीं के भरोसे रहते हैं."

मॅडमच्या पिशवीत वही होती. त्या वहीत तारखेसकट सगळं लिहिलेलं होतं: चूक कोणती, कुणाची, कुणाला कधी सांगितली. नुसती काढून टेबलावर ठेवायची होती. त्यांनी ती काढली नाही. भैयाजींकडे मात्र त्यांनी असं पाहिलं, की ते खाली बसले.

सिस्टरला कामावर परत घेतलं. पण तिच्या फायलीत शेरा राहिलाच, "भविष्य में सावधानी बरतें". माफी कुणी मागितली नाही. आणि मॅडमना आठवड्याच्या आत काढून टाकलं, असं खराब काम पास केल्याबद्दल! जिने पास केलं नव्हतं तिला. गावात हेच पसरलं, आणि अजून तेच फिरतंय. भैयाजींनी सगळ्या वॉर्मरांत गुपचूप नवं सॉफ्टवेअर घातलं. तो दुरुस्त कोड मी लिहिला. लिहायला अर्धा दिवस लागला.

मॅडमकडे जायला मला अडीच महिने लागले. मी त्यांचे आभार मानायला गेले होते. त्यांनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. आतल्या खोलीत त्यांचे वडील खोकत होते. मी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला वाचवलंत."

"मी?" त्या ताडकन म्हणाल्या. "मी तुम्हाला नाही वाचवलं. मी वाट पाहिली! डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी थांबले, तुम्ही उठाल म्हणून. तुम्ही मान वर नाही केली."

"वहीत तर लिहिलं होतं सगळं. तुम्ही दाखवायला हवं होतं."

"वहीत तुमचं नाव होतं. तुमचं नाव मी का घेऊ? तुम्हाला तोंड नाही?" त्यांचा आवाज चढला तसे आतून वडील काय झालं म्हणून विचारायला लागले. "काही नाही बाबा, ऑफिसातल्या आहेत," मॅडम तिकडे बघून म्हणाल्या आणि मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, पण तितक्याच रागाने, "माझी नोकरी गेली ती गेली. मला दुसरी मिळेल. त्या मुलीच्या फायलीत अजून तुमची चूक तिच्या नावाने लिहिलेली आहे. आणि तुम्ही माझ्याकडे आभार घेऊन आल्या! रस्ता चुकलात तुम्ही."

त्यांनी मला चहा विचारला नाही. दारापर्यंत मात्र आल्या. भैरवगढला कुठे उतरायचं, तेवढं सांगितलं.

पुढचं आधीच सांगून टाकते. मी जो कागद लिहून दिला त्यामुळे सिस्टरच्या फायलीतला शेरा निघाला. त्याच कागदामुळे भैयाजींनी मलाही घरी पाठवलं, आणि ते बरंच झालं. भैयाजींची कंपनी बंद वगैरे पडली नाही; आता तिची स्वतःची तीन मजली इमारत आहे, बाहेर हसऱ्या बाळाचं चित्र आहे. मॅडमचे वडील गेले. त्या नाशिकला भाचीकडे राहतात, घरी बसून कुठल्याशा परदेशी कंपनीचं काम करतात आणि फोन केला की पहिली दहा मिनिटं कुणाशी तरी झालेलं भांडण सांगतात. त्या कागदाबद्दल त्या आजवर माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. मीही काढत नाही.

मी भैरवगढला गेले तो रविवार होता. सिस्टरच्या घराच्या अंगणात दोऱ्यांवर छापलेली कापडं वाळत होती, तिचे वडील एका बाजूला ठसे धूत बसले होते. ती मला ओळखत होती. चौकशीत लॅपटॉप घेऊन बसलेली मुलगी. मी उभ्या उभ्या सांगितलं, की तो प्रोग्राम मी लिहिला होता, मॅडमनी मला आधीच सांगितलं होतं, तरी मी सही केली होती. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती आत गेली आणि एक कोरा कागद आणि पेन घेऊन आली.

"लिखकर दो," ती म्हणाली.

मी ओट्यावर बसून लिहिलं. रुग्णालयाच्या नावाने, हिंदीत. सगळं लिहिलं, तारखा घातल्या, मॅडमनी दिलेला इशारा लिहिला, खाली सही केली. तिने कागद घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली, वडिलांना ऐकू जावं म्हणून. वाचता वाचता एका ओळीवर थांबली. मी लिहिलं होतं, "प्रोग्राम में गलती हुई."

तिने कागद माझ्यासमोर परत ठेवला.

"गलती हुई नहीं," ती म्हणाली. "मैंने की. ऐसा लिखो."

वडिलांनी ठसे धुणं थांबवलं होतं. मी ती ओळ खोडायला लागले, तर तिने माझा हात धरला.

"काटो मत, दीदी. साफ कागज पे लिखो."

ती आत गेली आणि दुसरा कागद घेऊन आली.